ट्रेन सिम्युलेटर : सगळा खेळ हवेच्या नळीचा

संगणकावर कोणी तासभर रेल्वेचं इंजिन चालवत बसलेलं दिसलं की घरातलं कोणीतरी मागून डोकावतं आणि विचारतं, "याला स्टेअरिंग नाही, गाडी रुळावरून हलणार नाही, मग यात खेळायचं काय?" प्रश्न रास्त आहे. गाड्यांच्या शर्यतीच्या खेळात वळणं घ्यायची असतात, विमानाच्या खेळात तीन दिशांचा तोल सांभाळायचा असतो. रेल्वेत दिशा रुळांनी आधीच ठरवून ठेवलेली. उरतं काय, तर गाडी ओढणं आणि गाडी थांबवणं. ओढणं दहा मिनिटांत जमतं. थांबवणं मात्र आठवडे घेतं, आणि या खेळांचं वेड असणारे लोक त्यासाठीच ते खेळतात.

सिम्युलेटर म्हणजे नेमकं काय

सिम्युलेटर म्हणजे खऱ्या यंत्राचं वागणं गणिताने जसंच्या तसं उभं करणारा प्रोग्रॅम. पडद्यावर दिसणारी झाडं, स्टेशनं, डब्यांचा रंग ही फक्त सजावट. आत चाललेला हिशेब वेगळाच असतो. प्रत्येक डब्याचं वजन किती, तो चढावर आहे की उतारावर, चाकांचा आणि हवेचा अडथळा किती, त्या क्षणी त्याचा ब्रेक किती दाबलेला आहे, पुढच्या-मागच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावर, ताण आहे की दाब, हे सगळं सेकंदाला कितीतरी वेळा नव्याने मोजलं जातं. चोवीस डब्यांची गाडी असेल तर चोवीस वेळा, शिवाय इंजिनाचं वेगळं.

सुरुवात जपानची. मिनोरू मुकाइया हे कॅसिओपिया या बँडचे कीबोर्डवादक. त्यांच्या ओंगाकुकान कंपनीने १९९५मध्ये खऱ्या मार्गांवर चित्रित केलेले व्हिडिओ वापरून रेल्वेचा खेळ काढला. १९९६मध्ये टायटो कंपनीचा 'देन्शा दे गो' आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, आला. त्यात एका हाताला वेगाचा दांडा, दुसऱ्या हाताला ब्रेकचा. ओंगाकुकान पुढे रेल्वे कंपन्यांसाठी खरे प्रशिक्षण सिम्युलेटरही बनवू लागली. २००१मध्ये 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर' आला आणि हौशी लोकांना स्वतःचे मार्ग, स्वतःची इंजिनं बनवण्याची साधनं मिळाली. त्याचा पुढचा भाग २००९मध्ये रद्द झाला, पण हौशी लोक थांबले नाहीत. जुन्या खेळाच्या फाइली चालवू शकेल असा 'ओपन रेल्स' नावाचा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम त्यांनी लिहिला, त्याची १.० आवृत्ती २०१५मध्ये निघाली. भारतीय इंजिनं, डबे आणि मार्ग हौशी मंडळींनी बनवले ते बरेचसे याच कुळातले. म्हणून पुढची उदाहरणं मुख्यतः 'ओपन रेल्स'ची.

पहिला धक्का : गाडी थांबतच नाही

लोखंडी रुळावर लोखंडी चाक. त्यामुळे अडथळा फारच कमी. सपाट रुळावर गाडी हळू चालत असताना एक टन वजन हलतं ठेवायला साधारण २ किलोचा जोर पुरतो. म्हणजे इंजिनासह १,२०० टनांची गाडी चालती ठेवायला फक्त २.४ टनांची ओढ. याची दुसरी बाजू अशी की नॉच (ओढ कमी-जास्त करणाऱ्या दांड्याची पायरी) शून्यावर आणला, म्हणजे इंजिनाची ओढ बंद केली, तरी गाडीला पत्ता लागत नाही. ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी सपाटीवर नुसती सोडून दिली तर सहा-सात किलोमीटर सहज जाते. नव्या खेळाडूचं पहिलं स्टेशन हमखास मागे सुटतं ते यामुळे.

बरं, ब्रेक मारला तर? ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. प्रवासी गाडीचा पूर्ण ब्रेक लागला तर वेग दर सेकंदाला साधारण अर्धा मीटर प्रतिसेकंदाने उतरतो. हिशेब केला तर थांबायला पाऊण किलोमीटरहून जास्त लागतं. रुळ ओलांडणाऱ्याला गाडीने उडवलं की बातमीखाली "ड्रायव्हरने ब्रेक का नाही मारला" अशी प्रतिक्रिया हमखास येते. मारलेला असतो. लोको पायलटला पुढचा माणूस दिसतो तेव्हा तो बहुतेक वेळा तीन-चारशे मीटरवर असतो.

ब्रेक लावायचा म्हणजे हवा सोडायची

हा भाग कळला की अर्धा खेळ कळला.

इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी जाते, तिला ब्रेक पाइप किंवा नुसतं बीपी म्हणतात. गाडी मोकळी असते तेव्हा या नळीत ५ किलोचा दाब असतो (खरं म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो, पण बोलताना सगळे '५ किलो' म्हणतात). प्रत्येक डब्याखाली हवेची एक टाकी आणि एक झडप असते. झडपेचं काम तागडीचं. एका पारड्यात नळीतला दाब, दुसऱ्यात आधीपासून कोंडून ठेवलेला ५ किलोचा दाब. दोन्ही सारखे असतील तर ब्रेक मोकळा. नळीतला दाब उतरला की तागडी कलते, टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये शिरते आणि चाकांवर ब्रेक आवळला जातो.

म्हणजे ब्रेक लावायला लोको पायलट हवा देत नाही, हवा काढून घेतो. कपलिंग तुटलं, नळी फुटली, कोणी साखळी ओढली, तरी हवा जाते आणि ब्रेक आपोआप लागतो. नळीत हवा नसेल तर गाडी जागची हलत नाही. खेळ सुरू करून नॉच दिला आणि गाडी ढिम्म, असं झालं तर दहापैकी नऊ वेळा बीपी भरलेला नसतो.

इंजिनात ब्रेकचे दोन दांडे असतात. ए-९ हा पूर्ण गाडीचा ब्रेक, एसए-९ फक्त इंजिनाचा. 'ओपन रेल्स'मध्ये गाडीचा ब्रेक एकेरी अवतरणचिन्हाच्या कळीने लागतो आणि अर्धविरामाच्या कळीने सुटतो. इंजिनाचा ब्रेक चौकोनी कंसाच्या कळींवर आहे. कळी शेजारी-शेजारी असल्याने गफलत होते. १,२०० टनांच्या गाडीत इंजिन असतं १२३ टनांचं, म्हणजे एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याला ब्रेक लावून उरलेली गाडी थांबेल अशी वाट बघत बसायचं. मागचे डबे येऊन इंजिनाला ढकलतात आणि सिग्नल ओलांडला जातो.

दाबाचे आकडे डोळ्यांसमोर ठेवायला एफ ५ दाबा. दाबाचं एकक पर्यायांमध्ये जाऊन किलो प्रति चौरस सेंटिमीटर करून घ्या, नाहीतर अमेरिकन पौंडात आकडे दिसतात आणि भारतीय इंजिनाचा काही मेळ लागत नाही.

एक थांबा, सावकाश

प्रवासी गाडी, वीसेक डबे, वेग १००, पुढे थांबा. साधारण तीन किलोमीटर अलीकडे नॉच शून्य. दीड किलोमीटरवर पहिला ब्रेक : बीपी ५ वरून ४.५. एवढ्याने ब्रेक सिलिंडरमध्ये किलो-सव्वा किलो दाब येतो, पण लगेच नाही. नळीतला दाब शेवटच्या डब्यापर्यंत उतरायला वेळ लागतो आणि प्रवासी डब्याचा सिलिंडर पूर्ण भरायला ३ ते ५ सेकंद. तेवढ्यात गाडी शंभर-दीडशे मीटर पुढे गेलेली असते. इथेच नवखा घाबरतो, काही होत नाही म्हणून दांडा आणखी ओढतो, आणि मग आधीचा आणि नंतरचा ब्रेक एकदम लागून गाडी प्लॅटफॉर्मच्या बाहेरच उभी राहते. नियम साधा : दाब कमी केल्यावर दहा सेकंद हात बाजूला ठेवायचा.

दहा सेकंदांनी वेग पुरेसा उतरत नसेल तर बीपी ४.२. पूर्ण सर्व्हिस ब्रेकला (आपत्कालीन सोडून नेहमीच्या वापरातला सगळ्यात जोरदार ब्रेक) बीपी साधारण ३.५ पर्यंत खाली जातो, त्याखाली उतरवून फायदा नाही, सिलिंडर आधीच ३.८ किलोला भरलेला असतो. वेग ४०वर आला की ब्रेक थोडा थोडा सोडायला लागायचं. का? लोखंडी ब्रेक ब्लॉक (चाकावर दाबला जाणारा ठोकळा) असलेल्या डब्यांत वेग कमी होतो तसं घर्षण वाढतं. त्याच दाबाला ८०च्या वेगाला ब्रेक मऊ लागतो, १५ला करकचून. शिवाय सुटायलाही प्रवासी गाडीत १५ ते २० सेकंद लागतात, म्हणून सोडायचा निर्णयही आधीच घ्यायचा. शेवटी गाडी थांबताना सिलिंडरमध्ये नाममात्र दाब उरला पाहिजे. गाडी थांबली की इंजिनाचा ब्रेक लावून ठेवायचा, मग बीपी पुन्हा ५ला.

असं थांबवलं तर कपातला चहा हिंदकळत नाही. खेळात चहा नाही, पण काही खेळ धक्का मोजून गुण कापतात.

मालगाडीला हे सगळं दुपटीने

भरलेली ५८ डब्यांची मालगाडी, वजन ४,७०० टनांच्या घरात, लांबी सव्वासहाशे मीटरच्या आसपास. मालडब्याचा सिलिंडर मुद्दाम सावकाश भरेल असा बनवलेला असतो : १८ ते ३० सेकंद. सुटायला ४५ ते ६० सेकंद. ताशी ७५च्या वेगाने पूर्ण ब्रेक लागेपर्यंतच गाडी अर्धा किलोमीटर गेलेली असते.

मुद्दाम सावकाश कशाला? हवा इंजिनाकडून सुटते, म्हणून पुढच्या डब्यांना ब्रेक आधी लागतो, मागच्यांना उशिरा. ब्रेक झटपट लागला असता तर मागचे हजारो टन पुढच्या थांबू लागलेल्या डब्यांवर येऊन आदळले असते. सोडताना उलटं होतं. पुढचे डबे मोकळे, मागचे अजून आवळलेले, आणि त्याच क्षणी घाईने नॉच दिला तर मधलं एखादं कपलिंग तुटतं. रेल्वेत याला पार्टिंग म्हणतात. 'ओपन रेल्स'मध्ये कपलिंग तुटण्याचा पर्याय सुरू-बंद करता येतो. नवख्याने बंद ठेवावा, पण महिन्याभराने सुरू करावा, नाहीतर हात कधीच हलका होणार नाही.

आणखी एक खोच. भारतीय गाड्यांत ब्रेक पायरी-पायरीने सोडता येतो. अमेरिकन मालगाडीत तसं नाही. नळीतला दाब जरा वाढवला की ब्रेक पूर्ण सुटतो. परत लावायचा तर डब्याच्या टाकीत पुरेशी हवा हवी, आणि टाकी त्याच नळीतून हळूहळू भरते. उतारावर ब्रेक लाव-सोड, लाव-सोड केलं की तिसऱ्या-चौथ्या वेळी टाक्यांत हवाच उरत नाही. 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर'मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यातला मरायस पास हा घाट होता, १.८ टक्के उतार. तिथे अनेकांच्या गाड्या अशाच हातातून सुटल्या. भारतीय प्रवासी डब्यांना टाकी भरायला ६ किलोची वेगळी फीड पाइप असते, त्यामुळे हा धोका खूप कमी. 'ओपन रेल्स'च्या पर्यायांत 'ग्रॅज्युएटेड रिलीज' नावाची खूण दिसते ती ब्रेक असा पायरी-पायरीने सोडता यावा यासाठी. भारतीय गाडी चालवताना ती सुरू हवी.

घाट : जिथे गणित दिसतं

कर्जत-लोणावळा, कसारा-इगतपुरी आणि गोव्याच्या सीमेवरचा कुळे-कॅसलरॉक, तिन्ही घाटांत चढ ३७ला १. म्हणजे ३७ मीटर गेल्यावर १ मीटर उंची. अशा चढावर प्रत्येक टन २७ किलोने मागे ओढतो. आपल्या १,२०० टनांच्या गाडीला हे ओझं ३२.४ टनांचं. सपाटीवर लागणाऱ्या २.४ टनांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

डब्ल्यूएपी-७ हे ६,३५० अश्वशक्तीचं विजेचं इंजिन सुरुवातीला जास्तीत जास्त ३३ टनांच्या आसपास ओढ देतं. चढाचे ३२.४ आणि चालतं ठेवण्याचे २.४, बेरीज ३४.८. घाटात थांबलेली गाडी एकट्या इंजिनाने हलणार नाही. कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिनं जोडतात त्याचं उत्तर एवढ्या बेरजेत आहे. खेळात घाटाचा मार्ग उतरवून घेतला आणि बँकर न जोडताच गाडी नेली तर ती बोगद्यात बसते. इंजिनाच्या फाइलीत दोष नसतो.

पाऊस आला की आणखी एक मर्यादा पुढे येते : पकड. चाक आणि रूळ यांची पकड किती, यासाठी 'ओपन रेल्स' कर्टियस-क्निफ्लर हे सूत्र वापरतो. कोरड्या रुळावर गाडी उभी असताना पकड वजनाच्या ३३ टक्के, ताशी १००ला २१ टक्के. १२३ टनांच्या इंजिनाला कोरड्या रुळावर ४० टनांपर्यंत जोर लावता येईल. ओल्या रुळावर पकड २० टक्क्यांवर आली तर २५ टनांच्या वर जोर दिला की चाकं जागच्या जागी फिरतात. याला व्हील स्लिप म्हणतात. अशा वेळी नॉच वाढवणं हा सगळ्यात वाईट उपाय. नॉच उतरवायचा, एक्स कळीने वाळू सोडायची, पकड आली की एकेक नॉच पुन्हा चढवायचा.

उतरताना त्याच ३२ टनांचा जोर गाडीला पुढे ढकलत असतो. इथे वेग उतार सुरू होण्याआधी कमी करायचा, इंजिनाचा डायनॅमिक ब्रेक आधी लावायचा (त्यात मोटर उलटी जनित्रासारखी वापरली जाते आणि ब्रेक ब्लॉक झिजत नाहीत), आणि उरलेल्या कामापुरता बीपी थोडा उतरवून तसाच धरून ठेवायचा. वेग आधी वाढू देऊन मग आवरायचा प्रयत्न घाटात चालत नाही.

सिग्नल : समोरचा नाही, त्याच्या पुढचा

पाऊण किलोमीटर थांबायला लागत असेल तर लाल दिवा दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही हे उघड आहे. म्हणून सिग्नल पुढची बातमी देतात. हिरवा : जा. दोन पिवळे : पुढच्या सिग्नलला सावध राहावं लागेल. एक पिवळा : पुढचा लाल असू शकतो, थांबायच्या तयारीने जा. खेळातली चांगली सवय अशी की दोन पिवळे दिसताच नॉच शून्य. एक पिवळा दिसेपर्यंत ओढत राहणारा खेळाडू लाल दिव्यात घुसतो.

मुंबईच्या लोकलमार्गावर स्वयंचलित सिग्नल असतात, त्यांच्या खांबावर 'ए' लिहिलेलं असतं. असा सिग्नल लाल असेल तर मोटरमन थांबतो, दिवसा १ मिनिट आणि रात्री २ मिनिटं वाट बघतो, आणि मग अगदी कमी वेगाने, दिसेल तिथे थांबता येईल अशा बेताने पुढे जातो. 'ओपन रेल्स'ला हा नियम आपसूक माहीत नसतो. तिथे टॅब कळ दाबून परवानगी मागावी लागते, नाहीतर लाल ओलांडल्याबद्दल फेरी तिथेच संपते.

चालक जागा आहे का हेही यंत्र बघत असतं. आपल्याकडच्या इंजिनांत लोको पायलटने ६० सेकंद कोणताच दांडा किंवा बटण हलवलं नाही तर आधी साधारण ८ सेकंद दिवा, मग ८ सेकंद भोंगा, आणि तरी प्रतिसाद नसेल तर ब्रेक. लोकलच्या मोटरमनला हँडल दाबूनच धरावं लागतं, हात सुटला की गाडी थांबते. जर्मन मार्ग खेळलात तर पीझेडबी नावाची यंत्रणा भेटते. सावधानतेच्या सिग्नलपाशी रुळालगत चुंबक असतो, तो ओलांडल्यावर बटण दाबायचं, आणि वेगवान गाडीचा वेग २३ सेकंदांत ८५वर आणायचा. नाही जमलं की यंत्रच आपत्कालीन ब्रेक लावतं. बातम्यांत सध्या वारंवार येणारं भारतीय रेल्वेचं 'कवच' याच जातीचं, पण बरंच पुढचं. ते वेग आणि पुढच्या सिग्नलपर्यंतचं अंतर सतत तपासत राहतं.

'हे सगळं ठीक, पण रटाळ नाही का?'

काही वेळा आहेच. सपाट मुलखात, हिरव्यामागून हिरवा सिग्नल, चाळीस मिनिटं काही घडत नाही. खऱ्या कामातही तसंच असतं. ज्यांना ते नको त्यांनी लोकलची फेरी घ्यावी. दर दोन-तीन मिनिटांनी थांबा, वेळापत्रक सेकंदांचं, आणि ब्रेकची चूक लगेच दिसते. 'देन्शा दे गो' सगळा याच तत्त्वावर उभा आहे. तिथे वेळेवर, ठरलेल्या खुणेवर, धक्का न देता थांबणं यालाच गुण. शर्यत नसलेला इतका तणावाचा खेळ दुसरा क्वचितच सापडेल.

डाउनलोड केलेलं इंजिन खरं की खोटं?

हौशी लोकांनी बनवलेल्या साहित्यात दिसायला देखणी, पण वागायला भलतीच इंजिनं पुष्कळ असतात. कारण बहुतेक वेळा एकच : चित्र नवं बनवलं, पण आकड्यांची फाइल दुसऱ्याच डब्याची उचलून लावली. तपासायला दोन चाचण्या पुरतात.

पहिली, सपाट रुळावर ६०च्या वेगाला नॉच शून्य करा आणि एक मिनिट बघा. वेग ४ ते ७ किलोमीटरने उतरला तर ठीक. वीसने उतरला तर डब्यांच्या फाइलीत अडथळा अवाच्या सवा आहे. दुसरी, १००च्या वेगाला पूर्ण सर्व्हिस ब्रेक. ६०० ते १,००० मीटरमध्ये थांबली तर मान्य. २०० मीटरमध्ये थांबली तर ब्रेकचा जोर फुगवलेला आहे. इतका जोरदार ब्रेक खऱ्या गाडीत लागला तर उभे प्रवासी एकमेकांवर पडतील आणि चाकं रुळावर घासत जातील.

दुरुस्ती नोटपॅडमध्ये होते. डब्याच्या फाइलीत वजन, ब्रेकचा कमाल जोर आणि अडथळ्याचे आकडे शब्दांत लिहिलेले असतात. अडथळ्यासाठी डेव्हिसचं सूत्र वापरतात. त्यातला एक आकडा स्थिर, दुसरा वेगासोबत वाढणारा, तिसरा हवेचा म्हणून वेगाच्या वर्गासोबत वाढणारा. मूळ फाइलीची प्रत आधी काढून ठेवा. आणि जतन करताना यूटीएफ-१६ हीच पद्धत ठेवा, दुसऱ्या पद्धतीने जतन केलेली फाइल जुना मायक्रोसॉफ्टचा खेळ वाचू शकत नाही.

मोबाइलवरच्या खेळांत एवढं खोल पाणी नसतं. चेन्नईच्या हायब्रो इंटरॅक्टिव्हच्या 'इंडियन ट्रेन सिम्युलेटर'सारख्या खेळात ओळखीची स्टेशनं आणि इंजिनं आहेत, मुलांना सिग्नलची तोंडओळख होते, पण अशा खेळांत ब्रेक बहुतेक वेळा एका पट्टीवर चालतो, हवेच्या नळीशिवाय. त्यात चूक काही नाही. फक्त तिथली सवय घेऊन संगणकावर आलात तर पहिले आठ दिवस प्लॅटफॉर्म सुटत राहतील.

कोणता घ्यावा

भारतीय गाड्याच हव्या असतील तर 'ओपन रेल्स'. फुकट आहे, साध्या संगणकावरही चालतो, पण मार्ग आणि डबे वेगळे उतरवून योग्य फोल्डरमध्ये ठेवायची खटपट आहे. एखादा डबा सापडला नाही म्हणून गाडी अर्धीच दिसणं ही नेहमीची तक्रार. चित्र सुंदर हवं, खटपट नको, तर 'ट्रेन सिम वर्ल्ड', पण तिथे प्रत्येक मार्ग वेगळा विकत घ्यावा लागतो आणि भर ब्रिटन, जर्मनी, अमेरिकेवर आहे. पोलंडच्या 'सिमरेल'मध्ये एकाच मार्गावर अनेक जण मिळून खेळतात, कोणी गाडी चालवतो, कोणी स्टेशनात बसून सिग्नल देतो. गाडी उशिरा का होते हे प्रवासी म्हणून कधी कळलं नसेल तर तिथे कळतं. जपानी लोकलच्या शिस्तीची हौस असेल तर जेआर ईस्ट या तिथल्या रेल्वे कंपनीचा सिम्युलेटर, तो ओंगाकुकाननेच बनवलेला आहे.

हे खेळून लोको पायलट होता येतं का?

नाही. भरती सहायक लोको पायलट म्हणून होते. त्याला आयटीआय किंवा डिप्लोमा, रेल्वे भरती मंडळाच्या संगणकावरच्या दोन परीक्षा, त्यानंतर वेगळी अभियोग्यता चाचणी, आणि सगळ्यात कडक ए-१ दर्जाची वैद्यकीय तपासणी. चष्म्याशिवाय दृष्टी उत्तम हवी, रंगांधळेपणा चालत नाही. खेळातले तास कुठेही मोजले जात नाहीत. प्रशिक्षण केंद्रांतल्या सिम्युलेटरवर खऱ्या मापाची कॅब असते, खरे दांडे असतात, आणि शिकवणारा बाहेरून अचानक धुकं, बिघाड, रुळावरचा अडथळा असं काहीही समोर टाकू शकतो.

एक सवय मात्र घरबसल्या तीच लावून घेता येते. नव्या मार्गावर एकट्याने गाडी नेण्याआधी लोको पायलटला त्या मार्गाच्या फेऱ्या दुसऱ्याबरोबर कराव्या लागतात, त्यात रात्रीचीही असते. याला एलआर म्हणतात, लर्निंग रोड. कुठे चढ संपतो, कोणता सिग्नल वळणामागे लपतो, कुठल्या पुलानंतर ब्रेक लावायचा, हे पाठ होईपर्यंत. 'ओपन रेल्स'मध्ये एफ ४ने पुढचे सिग्नल, वेगमर्यादा आणि स्टेशनं दाखवणारी पट्टी उघडते. पहिल्या दोन-तीन फेऱ्या ती उघडी ठेवा, जोडीला वही घ्या आणि खुणा किलोमीटरसह लिहा. मग पट्टी बंद करून, वहीवर, रात्रीच्या वेळी आणि पाऊस निवडून तोच मार्ग पुन्हा चालवा.